मुंबई-पुण्यात बनणारा ‘प्रिन्स’ आलाच नाही, मग चाहत्यांनी वाचवलेला प्रिन्स अजून कसा पळतोय?

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरी. नव्वदच्या दशकात यातल्या कुठल्याही उपनगरात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला होता त्यांना विचारा, आठवण साधारण सारखीच निघेल. चपला बाहेर काढायच्या, एसीच्या खोलीत गुपचूप बसायचं आणि सरांनी दिलेलं काम पटापट संपवायचं. कारण शेवटची दहा मिनिटं गेमची असायची. काळ्या स्क्रीनवर ‘प्रिन्स’ टाइप करून एंटर मारलं की पांढरे कपडे घातलेला एक पोरगा तळघरात येऊन पडायचा आणि त्याच्या मागचा दरवाजा धाडकन बंद व्हायचा.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जमिनीतून निघणारे खिळे, पायाखाली कोसळणारी फरशी, कात्रीसारखी मिटणारी पाती आणि हातात फक्त ६० मिनिटं. ज्यांना ‘प्रिन्स मेगाहिट’ हा चीट कोड माहीत होता, त्यांचा क्लासमध्ये वेगळाच रुबाब असायचा.

हा गेम म्हणजे १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. आज तो पुन्हा आठवायचं एक कारण थेट आपल्या राज्यात आहे. याच मालिकेतल्या एका गाजलेल्या गेमचा रिमेक करण्याचं काम मुंबई आणि पुण्यातल्या स्टुडिओंकडे आलं होतं. २०२० मध्ये त्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये तो रिमेक कायमचा रद्द झाला.

दुसरीकडे, जगभरच्या चाहत्यांनी फावल्या वेळात, एक रुपया न घेता जपलेला मूळ प्रिन्स आजच्या लॅपटॉपवर मस्त चालतो. मोठ्या कंपनीला जे जमलं नाही ते हौशी लोकांना कसं जमलं? आणि जुने गेम टिकतात किंवा मरतात ते नेमकं कशामुळे? सगळं नीट समजून घेऊ.

आधी हे सांगा, ‘ॲडव्हेंचर गेम’ म्हणजे काय?

ज्यात गोळ्या झाडण्यापेक्षा शोधाशोध, कोडी आणि गोष्ट महत्त्वाची असते, तो ॲडव्हेंचर गेम. या प्रकाराचं नावच एका गेमवरून पडलं आहे. १९७५-७६ च्या सुमारास विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला. क्राउदरला गुहा धुंडाळायचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमधल्या गुहांवरून त्याने हा गेम बेतला आणि तो आपल्या मुलींसाठी लिहिला. यात एकही चित्र नव्हतं. कॉम्प्युटर वाक्य दाखवायचा आणि खेळणाऱ्याने उत्तरेला जा, दिवा घे अशा आज्ञा टाइप करायच्या. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि गेम अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये पसरला.

१९८४ मध्ये रॉबर्टा विल्यम्स यांचा ‘किंग्ज क्वेस्ट’ आला. त्यात चित्रं होती आणि त्या चित्रांत फिरणारा नायक होता. पुढे माउस आला, टायपिंग गेलं आणि ‘मंकी आयलंड’सारख्या गेमनी नव्वदचं दशक गाजवलं.

प्रिन्स या घराण्यातला अगदी सख्खा नाही, चुलत भाऊ म्हणता येईल. त्यात उड्या आणि तलवारबाजी जास्त, म्हणून त्याला ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणतात. पण दार कुठल्या फरशीने उघडतं, कोणती बाटली प्यायची आणि कोणती नाही, हे डोकं लावूनच शोधावं लागतं.

प्रिन्स इतका खरा का वाटायचा?

कारण त्यामागे खरा माणूस होता. गेम बनवणारा जॉर्डन मेक्नर तेव्हा विशीत होता. त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला एका पार्किंग लॉटमध्ये पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलं. मग त्या चित्रीकरणातली एकेक फ्रेम गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातली लढाई वापरली. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिलं. म्हणजे अर्धा गेम घरातल्या घरातच झाला म्हणा.

मूळ गेम ॲपल २ कॉम्प्युटरसाठी होता आणि त्याची मेमरी इतकी कमी होती की प्रिन्सची चित्रं भरल्यावर वेगळ्या शत्रूसाठी जागाच उरेना. मेक्नरने युक्ती केली. प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून, एकमेकांवर टाकून त्यातून चमकणारी सावली तयार केली. आरशातून उडी मारताना प्रिन्सपासून सुटणारा तो ‘शॅडो मॅन’ असा जन्माला आला. शेवटी त्याच्याशी लढायचं नसतं, तलवार म्यान करायची असते. जो हे समजला तोच पुढे गेला.

३ ऑक्टोबर १९८९ ला ॲपल २ वर आलेला हा गेम १९९० मध्ये डॉसवर आला आणि तिथून फ्लॉपीवर बसून जगभर फिरला. आपल्याकडे त्यातल्या बहुतेक फ्लॉप्या कॉपी केलेल्याच असायच्या. कंपनीने त्यावर उपाय म्हणून एक कुलूप ठेवलं होतं. सुरुवातीच्या लेव्हलनंतर बाटल्यांनी भरलेली एक खोली यायची. गेमसोबतच्या पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. ज्यांच्या फ्लॉपीत हे कुलूप आधीच कुणी तोडलेलं नव्हतं, त्यांच्याकडे पुस्तिका कुठून असणार? नशिबावर हवाला ठेवून एकेक बाटली पिऊन बघणं एवढाच मार्ग होता.

मग जुने गेम बंद का पडतात?

पुस्तक ५० वर्षांनीही उघडून वाचता येतं. गेमचं तसं नसतं. तो एका ठरावीक मशीनसाठी, ठरावीक ऑपरेटिंग सिस्टमसाठी लिहिलेला असतो. डॉससाठी लिहिलेला गेम साउंड कार्डशी, स्क्रीनशी, कीबोर्डशी थेट बोलायचा. आजचं विंडोज त्याला तसं बोलू देत नाही. काही गेमचा वेग प्रोसेसरवर अवलंबून होता, त्यामुळे नव्या मशीनवर ते सुसाट पळायला लागतात.

दुसरी अडचण मालकीची. कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, आणि कुठल्या गेमचे हक्क कुणाकडे आहेत हेच धड कळेनासं होतं. जो गेम विकून पैसे मिळणार नाहीत, तो कुणी बाजारात ठेवत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं.

तिसरी आणि सगळ्यात वाईट अडचण म्हणजे सोर्स कोडच हरवणं. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. आपल्या हातात येतो तो त्यापासून बनलेला तयार गेम. लाडू खाता येतो, पण तो खाऊन कुणी अचूक पाककृती लिहून दाखवावी, तसं तयार गेमवरून सोर्स कोड पुन्हा मिळवणं असतं. अशक्य नाही, पण काम वर्षानुवर्षांचं.

जुना गेम पुन्हा जिवंत करायचे तीन मार्ग

हे नाटकाच्या उदाहरणाने पटकन कळेल. समजा, मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एक जुनं नाटक पुन्हा आणायचं आहे.

पहिला मार्ग म्हणजे नव्या इमारतीत जुना रंगमंच जसाच्या तसा उभारायचा आणि जुनाच प्रयोग करायचा. गेमच्या भाषेत याला एम्युलेटर म्हणतात. २००२ मध्ये आलेला ‘डॉसबॉक्स’ हेच करतो. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये एक खोटा डॉस कॉम्प्युटर तयार करतो. गेमला वाटतं आपण अजून नव्वदच्या दशकातच आहोत.

दुसरा मार्ग म्हणजे नेपथ्य, वेशभूषा, संवाद सगळं जुनंच, पण पडद्यामागची यंत्रणा नवी. यात गेमची चित्रं आणि आवाज मूळचेच राहतात, फक्त ते चालवणारं इंजिन नव्याने लिहिलं जातं. २००१ मध्ये सुरू झालेला ‘स्कमव्हीएम’ हा प्रकल्प याच पद्धतीचा. तो फुकट मिळतो, मात्र विकत घेतलेल्या जुन्या गेमच्या फाइल तुमच्याकडे असाव्या लागतात.

तिसरा मार्ग रिमेकचा. नवे कलाकार, नवं नेपथ्य, कधी एखादा प्रवेशही नव्याने लिहिलेला. यात मेहनत सगळ्यात जास्त आणि धोकाही सगळ्यात जास्त. प्रेक्षकांच्या मनात जुना प्रयोग घट्ट बसलेला असतो आणि प्रत्येक गोष्टीची तुलना त्याच्याशीच होते.

चाहते रिमेक करतात तेव्हा काय होतं?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘किंग्ज क्वेस्ट’चं. २००१ मध्ये चाहत्यांच्या एका गटाने पहिल्या भागाचा रिमेक फुकट उपलब्ध करून दिला. सोळा रंगांच्या ठोकळेबाज चित्रांच्या जागी २५६ रंगांची चित्रं आली आणि टायपिंगच्या जागी माउस. हाच गट पुढे ‘एजीडी इंटरॲक्टिव्ह’ या नावाने ओळखला गेला. २००२ मध्ये त्यांनी दुसरा भाग केला आणि त्यात गोष्टही वाढवली. २००८ मध्ये ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी २’ आणला. या कामासाठी त्यांनी ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर वापरलं. ख्रिस जोन्स या ब्रिटिश प्रोग्रामरने बनवलेलं हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येतं.

प्रत्येकाच्या वाट्याला हे सुख आलं नाही. ‘किंग्ज क्वेस्ट’च्याच चाहत्यांनी पुढची गोष्ट सांगणारा ‘द सिल्व्हर लायनिंग’ हा गेम करायला घेतला, तर हक्कधारक कंपन्यांनी त्यांना दोनदा काम थांबवायला लावलं. शेवटी परवानगी मिळून पहिला भाग २०१० मध्ये आला. २०१६ मध्ये एका चाहत्याने ‘मेट्रॉइड २’चा रिमेक अनेक वर्षं खपून पूर्ण केला, आणि तो प्रसिद्ध होताच निन्तेन्दोने कायदेशीर नोटीस देऊन डाउनलोडच्या लिंक काढायला लावल्या.

आता ‘ब्लेड रनर’ची गोष्ट बघा. १९९७ च्या या ॲडव्हेंचर गेमचा सोर्स कोड हरवला होता. स्कमव्हीएमच्या स्वयंसेवकांनी तयार गेम उलगडून, तो आतून कसा चालतो हे शोधून काढलं आणि २०१९ मध्ये तो आधुनिक कॉम्प्युटरवर चालता केला. त्याच वर्षी तो ‘गॉग’ या जुने गेम विकणाऱ्या साइटवर आला. २०२२ मध्ये एका कंपनीने त्याची सुधारित, पैसे देऊन घ्यायची आवृत्ती काढली. ती आल्यावर जुनी आवृत्ती विक्रीतून काढली गेली. पण नवी लोकांना आवडली नाही. ओरड झाली आणि जुनी परत आणावी लागली. म्हणजे हौशी लोकांचं काम कंपनीच्या कामापेक्षा सरस ठरलं.

प्रिन्सचा कोड बूटांच्या रॅकमध्ये नाही, पण खोक्यातच सापडला!

मेक्नरकडेही प्रिन्सचा मूळ सोर्स कोड नव्हता. त्याने शोध शोध शोधलं आणि नाद सोडून दिला. मार्च २०१२ मध्ये वडिलांनी घरातलं जुनं सामान आवरताना सापडलेलं एक खोकं त्याला पाठवलं. त्यात ॲपल २ च्या फ्लॉप्या होत्या आणि त्यावर प्रिन्सचा सोर्स कोड!

पण फ्लॉपी सापडणं आणि वाचता येणं यात फरक असतो. फ्लॉपीवरची माहिती चुंबकीय असते, वर्षं गेली की पुसट होत जाते. एप्रिलमध्ये इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपल कॉम्प्युटरचे जाणकार टोनी डियाझ जुनी मशीन घेऊन मेक्नरकडे आले आणि कोड सहीसलामत बाहेर निघाला. १७ एप्रिल २०१२ ला मेक्नरने तो गिटहबवर सगळ्यांना वाचायला ठेवून दिला.

सोबत त्याने स्पष्ट लिहिलं की कोड वाचायला, बदलून बघायला, चालवून बघायला त्याची स्वतःची काहीच हरकत नाही, पण प्रिन्स ऑफ पर्शियाचे गेम बनवून वितरित करण्याचा हक्क युबिसॉफ्ट कंपनीचा आहे.

यानंतर काय झालं बघा. २०१८ मध्ये चाहत्यांनी हाच कोड वापरून प्रिन्स ‘बीबीसी मास्टर’ या ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश कॉम्प्युटरवर आणला. त्या कामाचा आधार घेऊन २०२१ मध्ये तो जुन्या ८-बिट अटारीवर पोहोचला. ज्या मशीनवर तो कधी आलाच नव्हता, तिथे तो ३० वर्षांनी आला.

आणि कोड मिळायच्या आधीही लोक थांबले नव्हते. २०११ मध्येच ‘मिस्टर सिड’ हे टोपणनाव घेतलेल्या एका प्रोग्रामरने तयार गेम उलगडून तो ‘कमोडोर ६४’ वर चालवून दाखवला होता. डॉसचा, म्हणजे आपल्या कॉम्प्युटर क्लासवाला प्रिन्सही चाहत्यांनी असाच उलगडला आणि नव्याने लिहिला. त्या प्रकल्पाचं नाव ‘एसडीएलपॉप’. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. त्यात हवं तिथे गेम सेव्ह करता येतो, मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करता येतात, आणि कुणाला जुन्या चुकांसकटच खेळायचं असेल तर तशीही सोय आहे. लोकांनी त्यासाठी स्वतःच्या नव्या लेव्हल बनवल्या आहेत.

आणि मुंबई-पुण्याच्या रिमेकचं काय झालं?

प्रिन्सचे हक्क पुढे फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीकडे गेले. २००३ मध्ये त्यांच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा त्रिमितीय गेम बनवला. खुद्द मेक्नर त्यात सहभागी होता. चूक झाली की वेळ मागे फिरवायची, ही त्यातली खंजिराची करामत जगभर गाजली. आपल्याकडे सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीचा प्रिन्स तो हा.

युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा आणि मुंबईतला २०१८ पासूनचा. अशा स्टुडिओंकडे बहुतेक वेळा परदेशातल्या मोठ्या गेमचा एखादा तुकडा येतो. १० सप्टेंबर २०२० ला मात्र वेगळंच घडलं. ‘द सँड्स ऑफ टाइम’च्या रिमेकची घोषणा झाली आणि त्याचं नेतृत्व पुणे आणि मुंबई करणार असं जाहीर झालं. इतक्या मोठ्या नावाचा गेम भारतातून घडणार, ही इथल्या गेमिंग क्षेत्रासाठी फार मोठी बातमी होती. प्रकाशनाची तारीखही ठरली, २१ जानेवारी २०२१.

ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवर टीका सुरू झाली. चेहरे जुनाट दिसतात, हा नव्या काळातला गेम वाटत नाही, असं लोकांचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी तारीख न देताच गेम पुढे ढकलला गेला. मे २०२२ मध्ये काम मुंबई-पुण्याकडून काढून माँट्रियलकडे देण्यात आलं. २०२४ मध्ये छोटी झलक दाखवून ‘२०२६’ असं सांगितलं गेलं. आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने कंपनीची मोठी फेररचना करताना जे सहा गेम रद्द केले, त्यात हा रिमेकही गेला. हवा तो दर्जा गाठता आला नाही आणि त्यासाठी आणखी वेळ-पैसा घालणं परवडणारं नाही, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा ‘भारतीय स्टुडिओंना जमलं नाही’ असा सरळ मामला नाही. ज्या स्टुडिओने २००३ चा मूळ गेम बनवला होता, त्याच स्टुडिओकडे काम जाऊनही पुढची जवळपास चार वर्षं तो पूर्ण झाला नाही. जुना लाडका गेम नव्याने घडवणं म्हणजे लोकांच्या आठवणीशी स्पर्धा करणं. आठवणीत ग्राफिक्स नेहमीच भारी असतात.

चाहत्यांना ही स्पर्धा करावी लागत नाही, कारण त्यांचं ध्येय वेगळं असतं. त्यांना गेम खपवायचा नसतो, टिकवायचा असतो. त्यांना तारीख नसते, गुंतवणूकदार नसतात. काम अर्धवट राहिलं तरी ते उघड्यावर असतं, दुसरा कुणीतरी ते उचलून पुढे नेतो. कंपनीने रद्द केलेला गेम मात्र कपाटात बंद होतो. मुंबई-पुण्यातल्या कलाकारांनी त्यावर घातलेली वर्षं आज कुणालाही खेळून बघता येत नाहीत.

मग असे रिमेक भारतात कायदेशीर आहेत का?

थोडक्यात उत्तर: परवानगीशिवाय बनवून वाटणं, नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा आहे. म्हणजे कादंबरीला जसं संरक्षण, तसंच प्रोग्रामला. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हे हक्क टिकतात. मेक्नर हयात आहे. म्हणजे ‘जुना गेम आहे, आता तो सगळ्यांचाच’ हा समज प्रिन्सच्या बाबतीत अजून कित्येक दशकं चुकीचाच राहणार.

पण याच कायद्याचं कलम ५२ काही सवलती देतं. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप कॉपी करता येते. प्रोग्राम कसा चालतो हे समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास करता येतो. आणि स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या कॉपीवरून, पैसे न कमावता, फक्त वैयक्तिक वापरासाठी कॉपी किंवा बदल करता येतात. ही शेवटची सवलत महत्त्वाची आहे. तुमच्या विकत घेतलेल्या गेममध्ये घरच्या घरी नवी लेव्हल बनवणं वेगळं आणि तो बदललेला गेम सगळ्यांना वाटणं वेगळं. बहुतेक फॅन रिमेक हक्कधारकाच्या परवानगीवर किंवा त्याने केलेल्या दुर्लक्षावर चालतात. ते दुर्लक्ष कधीही संपू शकतं.

हे आपल्यासाठी इतकं महत्त्वाचं का आहे?

कारण मुंबईने अशी एक चूक आधी केली आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलमआरा’ मुंबईत बनला आणि १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. चित्रपट जपायला हवेत हे सरकारी पातळीवर उमगून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये. तोवर मूकपटांच्या काळातला मोठा ठेवा हातातून गेला होता.

गेमच्या बाबतीत आपण आज त्याच टप्प्यावर आहोत. मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही ॲनिमेशन आणि गेमिंगचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली असून तिचा कायमचा कॅम्पस गोरेगावच्या फिल्म सिटीत व्हायचा आहे. म्हणजे उद्याचे गेम बनवणारे याच उपनगरांतून लोकलने ये-जा करणार आहेत. नवे गेम कसे बनवायचे हे ते शिकतील. बनलेले, फसलेले आणि रद्द झालेले गेम कुठे जपायचे, हा प्रश्नही त्याच वेळी सोडवायला हवा. फ्लॉपी सेल्युलॉइडइतकीसुद्धा टिकत नाही.

कोलोसल केव्हचंच बघा. क्राउदरने लिहिलेला पहिलावहिला कोड हरवला असं जवळजवळ ३० वर्षं मानलं जात होतं. तो सापडला, कारण स्टॅनफर्ड विद्यापीठाने डॉन वुड्सच्या विद्यार्थीदशेतल्या खात्याचा बॅकअप ठेवला होता. प्रिन्स वाचला, कारण मेक्नरच्या वडिलांनी खोकं रद्दीत घातलं नाही. दोन्ही वेळा नशीब होतं, पण त्या नशिबाच्या मागे कुणीतरी न टाकलेली एक वस्तूही होती.

मग तुम्ही काय करू शकता?

– माळ्यावर जुन्या फ्लॉप्या किंवा सीडी असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा बघा. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो. वाचता येताहेत तोवर बॅकअप घेऊन ठेवा. त्यात तुम्ही किंवा घरातल्या कुणी बनवलेला प्रोग्राम असेल तर तो जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे लक्षात ठेवा.

– पुन्हा खेळायचं असेल तर २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ गॉग आणि स्टीमवर विकत मिळतो. मूळ प्रिन्ससाठी एसडीएलपॉप आहे. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २,४०० गेम ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. मात्र त्यातल्या बऱ्याच गेमचे हक्क अजून कुणाकडे तरी आहेत, त्यामुळे ते कायम तिथे राहतीलच असं नाही.

– गेम बनवायला शिकत असाल तर मेक्नरचा कोड गिटहबवर वाचा. एवढ्याशा मेमरीत इतकं कसं बसवलं हे बघण्यासारखं आहे. ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ फुकट आहे. त्यात गोष्ट मात्र स्वतःची घ्या, म्हणजे नोटिशीची भीती नाही.

– आणि जे काही बनवाल त्याचा सोर्स कोड दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यातली एक जागा आईवडिलांना माहीत असू द्या.